वाई ते महाड, भर उन्हाळ्यात, सायकलवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सुट्ट्या असतात, हुरूप असतो, आणि नकाशात हा रस्ता फार देखणा दिसतो. तो आहेच तसा. म्हणून प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवतो आहे.

नेमका रस्ता कोणता?

वाईहून पसरणी घाटाने पाचगणी, तिथून महाबळेश्वर, मग आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि शेवटी मुंबई-गोवा महामार्गाने महाड. सगळं मिळून नव्वदेक किलोमीटर. वाई साधारण सातशे मीटर उंचीवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, आणि पोलादपूर समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आत. म्हणजे चढाच्या दुप्पट उतार. हे आकडे ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

मला हा रस्ता आवडण्याचं कारण वेगळं आहे. सकाळी निघता ते कृष्णेच्या घाटावरून, संध्याकाळी पोचता सावित्रीकाठी. दोघींचा उगम क्षेत्र महाबळेश्वरचाच. पण एक पूर्वेला वळून आंध्रातून बंगालच्या उपसागराला जाते आणि दुसरी कडा उतरून बाणकोटला अरबी समुद्रात. खरी पाणवाट लागते ती प्रतापगडाच्या फाट्याजवळ. तिच्या अलीकडे पडलेला पाऊस कोयनेत जातो, कोयना कराडला कृष्णेला मिळते. पलीकडचा पाऊस थेट कोकणात उतरतो. गाडीतून जाताना हे कळत नाही. सायकलवर कळतं, कारण त्या खिंडीनंतर हवेचा वासच बदलतो.

उन्हाळ्यातच का जायचं? हिवाळा बरा नाही का?

बराच बरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मिळत असेल तर तेव्हाच जा. पावसाळ्यात मात्र आंबेनळीत नको. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत हा घाट जागोजागी खचला होता आणि पुढे बराच काळ बंद होता. दरडी, धुकं आणि निसरडी वळणं यांत सायकलचं काम नाही.

पण शिक्षकांना, विद्यार्थ्यांना, लहान मुलं असणाऱ्यांना मोकळे दिवस एप्रिल-मेमध्येच मिळतात. त्यांना 'जाऊ नका' एवढंच सांगून उपयोग नसतो, ते जातातच. तेव्हा कसं जायचं ते सांगितलेलं बरं.

पहाटे किती वाजता निघायचं?

पाच. साडेपाच नाही, पाच. आणि पाच म्हणजे चाक फिरायला लागण्याची वेळ, उठण्याची नव्हे.

एप्रिलच्या शेवटी सूर्य सव्वासहाच्या आत उगवतो. पसरणी घाट वाईपासून बारा-तेरा किलोमीटरचा आणि सुमारे सहाशे मीटर चढाचा आहे. सामान लादलेल्या सायकलवर साधारण प्रकृतीच्या माणसाला पावणेदोन ते दोन तास लागतात. पाचला निघालात तर पहिला तास अंधारात आणि झुंजुमुंजूत जातो, आणि ऊन तापायच्या आत तुम्ही पाचगणीत चहा पीत असता. सात वाजता निघणाऱ्याला तोच घाट दुसराच भेटतो. डोंगर बोडका, सावली तुरळक, डांबर तापलेलं, आणि पाठीमागून पर्यटकांच्या गाड्यांची रांग.

चढावर उन्हाचा त्रास जास्त का होतो हे समजून घ्या. पायांनी खर्च केलेल्या शक्तीतली फार तर पाव हिस्सा शक्ती सायकल पुढे ढकलते. बाकीची सगळी उष्णता होऊन अंगातच राहते. सपाटीवर वीसच्या वेगाने जाताना वारा ती उचलून नेतो. घाटात वेग सात-आठचा, वारा जवळजवळ नाही, आणि मेहनत सर्वांत जास्त. म्हणून ताशी आठ किलोमीटरचा चढ तीस अंशातही भाजून काढतो.

अंधारात निघायचं म्हणजे पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि अंगावर चमकणारी पट्टी हवीच. पहाटे भाजीचे टेम्पो घाटातून जातात आणि त्यांना त्या वेळी सायकलवाला असेल अशी अपेक्षा नसते.

पसरणी घाट मला झेपेल का?

सलग पन्नास-साठ किलोमीटर चालवण्याची सवय असेल तर झेपेल. चढ सरासरी पाच टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर. छाती दडपवणारा नाही, पण संपत मात्र नाही.

गियरचं गणित सोपं आहे. पुढचा आणि मागचा दातेरी चक्का सारख्या दातांचा असेल तर पायंडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे दोन मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेसात किलोमीटर होतात. सामानासह घाट चढताना तुमचा वेग एवढाच असणार. म्हणून सर्वांत हलका गियर एकास एक किंवा त्याहून हलका हवा. नसेल तर तुम्ही मिनिटाला चाळीस फेऱ्यांवर याल, गुडघे दुखतील आणि पोटऱ्यांत गोळे येतील. मागची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्क्यांचा संच, बदलून घ्यायला फार खर्च येत नाही. निघण्याआधी हे एवढं नक्की करून घ्या.

आणि उतरून ढकलत चालावंसं वाटलं तर चाला. त्यात कमीपणा काही नाही. चालताना वेगळे स्नायू वापरले जातात, पाठ सरळ होते, आणि धोमच्या जलाशयावर उजाडताना बघायला उसंत मिळते.

साडेनऊला महाबळेश्वरात पोचलो. आता तर उतारच आहे, मग लगेच का निघू नये?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मी स्वतः इथेच चुकलो होतो.

पहिल्या वेळी आम्ही तिघे होतो. वेण्णा तलावापाशी पोचलो तेव्हा दहाही वाजले नव्हते, हवा गार, पाय ताजे. 'चाळीस किलोमीटर उतार, दोन तासांत पोलादपूर, जेवायलाच पोचू' असं म्हणत निघालो. पहिला टप्पा झकास गेला. कोयनेच्या खोऱ्यात उतरल्यावर वारा थांबला. प्रतापगडाच्या फाट्याकडे जाताना मध्येच थोडा चढ आहे. नकाशात तो डोळ्यांत भरत नाही, पण अकरा वाजता तो चढताना अंगाला चटके बसले. पुढे कोकणाच्या बाजूला उतरायला लागलो आणि एकेका वळणाला हवा अधिक तापत, अधिक दमट होत गेली. साडेबाराच्या सुमारास आमच्यातला एक जण सरळ रस्त्यावर झोकांड्या खायला लागला. विचारलं तर उत्तर भलतंच. अंगाला हात लावला तर तापलेलं, आणि डोकं दुखतंय एवढंच म्हणत होता.

रस्त्याकडेच्या एका घराच्या पडवीत त्याला निजवलं. घरातल्या आजींनी काही न विचारता माठ पुढे ओढला, त्याच्या अंगावर ओलं लुगडं टाकलं आणि आम्हाला पुठ्ठ्याने वारा घालायला लावलं. मग हळूहळू कोकमाचं सरबत, मीठ घातलेलं. तास-दीड तासात तो माणसात आला. संध्याकाळपर्यंत त्यांनी आम्हाला हलू दिलं नाही. निघताना पैसे पुढे केले तर रागावल्या. त्या पडवीचं ऋण माझ्यावर आहे, आणि हे सगळं लिहून काढण्यामागेही तेच आहे.

महाबळेश्वर आणि पोलादपूर यांच्यात तेराशे मीटरचा फरक आहे. खाली उतरणारी हवा दर हजार मीटरला अंदाजे सहा ते दहा अंशांनी तापते. वर तीस असेल तर खाली चाळिशी गाठायला वेळ लागत नाही, आणि शिवाय कोकणचा दमटपणा. देशावरच्या कोरड्या उन्हात घाम आला की वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. कोकणात घाम नुसता ठिबकतो. त्याने अंग थंड होत नाही, फक्त पाणी जातं. ही दोन उन्हं सर्वस्वी वेगळी आहेत आणि या रस्त्यावर ती एकाच दिवशी भेटतात.

म्हणून मी आता असं करतो: साडेनऊ-दहाला महाबळेश्वर, पोटभर जेवण, आणि साडेतीनपर्यंत सावलीत झोप. सहा तास फुकट जातात असं वाटतं, पण ते फुकट जात नाहीत. साडेतीन-चारला निघालं की ऊन कलायला लागलेलं असतं. सहाच्या सुमारास पोलादपूर, आणि दिवेलागणीला महाड. पाय कितीही ताजे असोत, घड्याळ पाळा.

पाणी किती न्यायचं आणि किती प्यायचं?

चढावर तासाला पाऊण ते एक लिटर घाम सहज जातो, काहींचा त्याहून जास्त. तितकंच पाणी पोट एका वेळी घेत नाही. दर पंधरा मिनिटांनी चार-पाच घोट हा सोपा नियम. निघताना दोन लिटर सोबत ठेवा. पाचगणी, मेटगुताड, महाबळेश्वर इथे भरता येतं. महाबळेश्वरहून उतरताना मात्र तीन लिटर भरून निघा, कारण मधल्या टपऱ्या उघड्या असतीलच असं धरून चालता येत नाही.

नुसतं पाणी ढोसणंही धोक्याचं आहे. घामातून मीठ जातं. चार-पाच तास केवळ साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि मळमळ, डोकेदुखी, गुंगी येते. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो आणखी पाणी पाजतो. म्हणून एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. त्यात लिंबू पिळा. लघवीचा रंग बघत राहा: फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद किंवा जळजळ होत असेल, म्हणजे उन्हाळी लागली असेल, तर थांबा आणि प्या.

खायचं काय?

अंदाज येण्यासाठी: सायकल, सामान आणि तुम्ही मिळून नव्वद किलो असाल तर फक्त पसरणी घाट चढायला पाचशेच्या वर कॅलरी लागतात. म्हणजे रिकाम्या पोटी निघू नका. पहाटे दोन केळी किंवा शेंगदाणा-गुळाचा लाडू. पाचगणीत पोहे. खिशात चिक्की, खजूर, खारे शेंगदाणे. महाबळेश्वरात दुपारी पिठलं-भाकरी, कांदा, ताक मिळालं तर आणखी काय हवं? खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागायचं थांबत नाही, पण तोच कांदा भाकरीबरोबर खाल्ला तर जेवण चवीने जातं आणि उन्हात मेलेली भूक परत येते. दुपारच्या जेवणात श्रीखंड, तळलेलं, मटण असलं जड काही नको.

स्ट्रॉबेरी एप्रिलपर्यंत मिळते. मेमध्ये घाटात करवंदं. विकणाऱ्या मुलांकडून पानाचा द्रोण भरून घ्या.

ऊन लागलंय हे कसं ओळखायचं?

सुरुवात चिडचिडीने होते. सोबतचा माणूस विनाकारण तुटकपणे बोलायला लागला की लक्ष ठेवा. मग डोकं ठणकणं, मळमळ, उन्हात असूनही अंगावर काटा, पायात गोळे. इथेच सावलीत बसून, कपडे सैल करून, मीठ-साखरेचं पाणी घेतलं तर बहुतेक वेळा निभावतं. त्या दिवशी पुढे मात्र जायचं नाही.

बोलणं असंबद्ध झालं, तोल जायला लागला, शुद्ध हरपायला लागली तर तो उष्माघात समजा. अंगाला घाम असो वा नसो. आतलं तापमान चाळीस अंशांच्या वर गेलेलं असतं आणि प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. आधी थंड करा, मग हलवा: मिळेल तेवढं पाणी अंगावर ओता, ओलं कापड घाला, जोरात वारा घाला, मान, काखा आणि जांघांत बर्फ किंवा थंड बाटल्या ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. १०८ला फोन करा. घाटात रेंज जाते-येते, तेव्हा एकाने येणारी गाडी थांबवावी. आम्ही त्या दिवशी पडवीतच विसंबून राहिलो. नशिबाने निभावलं, पण दवाखान्यात न्यायला हवं होतं.

कपडे कसले घालायचे?

पूर्ण बाह्यांचा, फिकट रंगाचा, सैलसर पातळ शर्ट. उघडे दंड दहा वाजेपर्यंत भाजून निघतात. हेल्मेटखाली पातळ सुती कापड, मानेवर ओलं उपरणं, आणि ते दर टपरीवर पुन्हा भिजवा. कोकणात उतरल्यावर मानेवरचं कापड काढा. तिथे ते वाळत नाही, उलट अंगाची वाफ कोंडून ठेवतं.

आंबेनळी उतरताना ब्रेकचं काय?

चाळीस किलोमीटरची वळणं आहेत. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिमवरचे ब्रेक असतील तर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. डिस्क असेल तर पॅड गुळगुळीत होऊन पकड जाते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबा, वेग कमी करा, आणि वळणात ते सोडून द्या. दर सात-आठ किलोमीटरला थांबा, हात झटका, ब्रेक निवू द्या. डिस्कला किंवा रिमला बोट लावून पाहू नका, कातडी चिकटते.

सामान मागच्या कॅरियरवर खाली, दोन्ही बाजूंना सारखं. पाठीवर सॅक अजिबात नको. पाठ भिजते, तोल वर जातो. टायर अठ्ठावीस ते बत्तीस मिलिमीटरचे, आणि वाईत पहाटेच्या गारव्यात भरलेली हवा काठोकाठ नको. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, चेनची जोडकडी, आणि निघण्याआधी नवे ब्रेक पॅड.

वळणावर उजवीकडे सरकू नका. समोरून एसटी पूर्ण रुंदी घेऊन येते. तिला दुसरा पर्याय नसतो.

माकडांचा त्रास होतो का?

होतो. हँडलच्या पिशवीची चेन त्यांना उघडता येते. खायचं दिसेल असं ठेवू नका, आणि त्यांना खायला तर मुळीच घालू नका.

बायकांसाठी वेगळं काही?

रस्ता वेगळा नाही. स्वच्छतागृहांची अडचण मात्र खरी आहे: वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि पोलादपूर सोडलं तर मध्ये भरवसा नाही. यामुळे अनेकजणी पाणीच कमी पितात. कृपा करून असं करू नका, या रस्त्यावर ऊन लागण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे. महाबळेश्वरातून निघताना जाऊन घ्या, आणि वाटेत कुठल्याही घराचं दार वाजवा. घरातल्या बाईला कारण सांगावं लागत नाही.

वळीव आला तर?

मेमध्ये दुपारनंतर येऊ शकतो. पश्चिमेला काळे ढग चढताना दिसले आणि गडगडाट ऐकू आला तर महाबळेश्वरातच थांबा, मुक्काम पडला तरी चालेल. घाटात गाठलंच तर एकट्या झाडाखाली किंवा कड्याच्या टोकाला उभं राहू नका. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून वळणं साबणासारखी होतात. अर्धा तास थांबलात तर तेच रस्ते धुऊन निघतात.

त्याच दिवशी प्रतापगड होईल का?

नाही. फाट्यापासून वर पुन्हा चढ, मग पायऱ्या, आणि चार वाजता निघालेल्या माणसाकडे तेवढा उजेड नसतो. १० नोव्हेंबर १६५९ची अफझलखान-भेट या गडाच्या पायथ्याशी झाली. तिथे घाईघाईत जाऊन फोटो काढून परतणं मला पटत नाही. गड बघायचाच असेल तर कुंभरोशीत मुक्काम करा आणि सकाळी सातला चढा.

मध्येच सोडावं लागलं तर?

पाचगणी आणि महाबळेश्वर ही सोडायची ठिकाणं. दोन्हीकडून वाई-पुण्याला एसटी आहे, टेम्पोवाले सायकल घेतात. पाणवाट ओलांडल्यावर मागे फिरायचा विचार सोडा, खालीच जायचं.

महाडहून परत कसं यायचं?

कोकण रेल्वेचं जवळचं स्टेशन वीर. तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, आणि सायकल नेण्याचं आधी विचारून ठेवावं लागतं. एसटीच्या टपावर सायकल चढवायची तर कॅरियर असलेली गाडी मिळायला हवी. चार-पाच जण असाल तर छोटा टेम्पो ठरवणं सर्वांत सुटसुटीत.

महाडला पोचल्यावर आधी काय करायचं?

बसून अर्धा लिटर ओआरएस, मग अंघोळ, साध्या पाण्याने. बर्फाचं पाणी नको. पहिल्या तासाभरात भात-आमटी आणि सोलकढी. झोपण्याआधी ब्रेक पॅड पाहा आणि मिठाने पांढरे पडलेले कपडे धुऊन टाका, रात्रीत वाळतात. सकाळी निघण्यापूर्वी चवदार तळ्यावर जा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं या पाण्याच्या हक्कासाठी इथे उतरली होती. सहाच्या सुमारास तिथे गर्दी नसते, आणि काठावर बसायला गारवा असतो.